घरात तीन भाषा आणि अडलेलं बोलणं: साडेतीन वर्षांच्या नातवासाठी आणि ७२ वर्षांच्या आजोबांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं घर. नातू साडेतीन वर्षांचा. घरात मराठी, दिवसा सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलणाऱ्या, नर्सरी इंग्रजी माध्यमाची. त्याचे शब्द कमी आहेत आणि मराठीतही वाक्य दोन शब्दांपुढे जात नाही. "तीन भाषांमुळे गोंधळलाय, एकच ठेवा, आणि शाळा इंग्रजी आहे तर इंग्रजीच ठेवा," असा सल्ला मिळालाय. त्याच घरातल्या आजोबांना चार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. त्यांची मराठी बऱ्यापैकी परत आली, हिंदी तुटक आहे, नोकरीभर वापरलेली इंग्रजी जवळजवळ गेली. त्यांची थेरपी कोणत्या भाषेत करायची?

दोघांसाठी नियम एकच. माणूस ज्या भाषांत जगतो, त्या सगळ्यांत त्याची तपासणी व्हायला हवी. आणि भाषा कमी करणं हा उपचार नाही.

आधी नातवाचं. भाषेबद्दल काही ठरवण्यापूर्वी कान तपासून घ्या. "हाक मारली की वळतो" ही तपासणी नव्हे. वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येणारं मूलही हाकेला वळतं, पण त्याच्या कानावर स, श, फ नीट पडत नाहीत. ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद बघणारी) आणि टिम्पॅनोमेट्री (पडदा आणि मध्यकर्ण बघणारी) या तपासण्या पाच-दहा मिनिटांत होतात, गरज वाटली तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, करतात. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या मध्यकर्णात पाणी साठतं आणि महिनोन् महिने ऐकणं कमी-जास्त होत राहतं. हे नजरेतून सुटलं तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या दिशेला जाते.

आता तीन भाषांबद्दल. दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्यामुळे भाषेचा विकार होत नाही. ज्याला डीएलडी म्हणतात, तो भाषाविकासाचा विकार शंभरातल्या साधारण सात मुलांत असतो, आणि घरात एक भाषा असो वा तीन, हे प्रमाण बदलतं असं दिसलेलं नाही. त्याचं लक्षण मात्र ठाम आहे. मुलाला पुरेशी ऐकायला मिळालेल्या प्रत्येक भाषेत तो दिसतो. मूल मराठीत गोष्टी सांगतंय, भांडतंय, "का?" विचारून भंडावून सोडतंय आणि फक्त नर्सरीत गप्प आहे, तर तो विकार नाही. तिथे त्याचं इंग्रजी अजून तयार व्हायचंय, एवढंच.

तुमच्या नातवाचं तसं नाही. जन्मापासून जी भाषा सर्वांत जास्त ऐकली, त्या मराठीतच साडेतीन वर्षांला दोन शब्दांवर थांबणं हा खरा उशीर आहे. या वयात तीन-चार शब्दांची वाक्यं, "कुठे", "कोण", "का" असे प्रश्न आणि बाहेरच्या माणसालाही बरंचसं कळेल असं बोलणं अपेक्षित असतं. म्हणजे तीन भाषांवर खापर फोडण्यात एक चूक आहेच, पण त्याहून महाग चूक म्हणजे "तीन भाषा आहेत ना, बोलेल हळूहळू" म्हणून वर्षभर थांबणं. थांबू नका.

शब्द मोजताना सगळ्या भाषांचे एकत्र मोजायचे. दोन वर्षांच्या मुलाकडे सुमारे पन्नास शब्द आणि दोन शब्दांची जोडणी हवी असं म्हणतात, ते सर्व भाषा मिळून. "पाणी" आणि "वॉटर" हे दोन शब्द धरा. "भूभू", "दे", "नको", "बाय" हे सगळे धरा. फक्त इंग्रजी शब्द मोजून मुलाला मागे ठरवणं ही नर्सरीतून येणाऱ्या शेऱ्यांतली नेहमीची चूक आहे.

मग तासांचा हिशेब मांडा. मूल दिवसाला बारा तास जागं असेल तर आठवड्याचे ८४ तास होतात. समजा नर्सरी चार तास, पाच दिवस, म्हणजे २० तास इंग्रजी. आई-बाबा, आजी-आजोबा मिळून ३५ तास मराठी. मावशींबरोबर १५ तास हिंदी. उरलेले १४ तास, म्हणजे रोजचे दोन, मोबाईल आणि टीव्ही. हे १४ तास भाषेच्या खात्यात धरायचे नाहीत, कारण पडदा मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही. राहिले ७०. त्यात मराठी निम्मी, इंग्रजी २९ टक्क्यांच्या आसपास, हिंदी २१. जी भाषा पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी कानावर पडते तिच्यात मुलं समजून घेतात, पण सहसा फारसं बोलत नाहीत. म्हणून हिंदीत तो गप्प असेल तर काळजी नको. मराठीत गप्प असेल तर हवी. हा कागद स्पीच थेरपिस्टकडे घेऊन गेलात तर पहिल्या भेटीतला अर्धा तास वाचतो. वर्किंग डे आणि सुट्टीचा दिवस वेगळा लिहा. नर्सरीच्या तासांत प्रत्यक्ष संवाद किती होतो हेही बाईंना विचारा. पंचवीस मुलांच्या वर्गात एका मुलाशी थेट बोललेली मिनिटं फार थोडी असतात.

तपासणीत चुकांचा प्रकार बघावा लागतो, नुसती संख्या बघून चालत नाही. हिंदी घरातलं, मराठी शाळेत जाणारं पाच वर्षांचं मूल "मी पुस्तक वाचली" म्हणतं. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे मूल हिंदीचं लिंग मराठीत आणतंय. हिंदीला नपुंसकलिंग नाही, म्हणून "ते" आणि "वाचलं" उशिरा बसतात. "बाळ" ऐवजी "बाल" हेही तसंच, कारण प्रमाण हिंदीत ळ नाही. हा भाषांमधला फरक आहे. पण तेच मूल हिंदीतही क्रियापदं गाळत असेल, "ने", "को" सोडून देत असेल, ऐकलेलं पाच शब्दांचं वाक्य दोन्ही भाषांत परत म्हणू शकत नसेल, तर तो विकार असण्याची शक्यता बळावते. मराठी मुलांत मी विशेष लक्ष देईन ते सामान्यरूपाकडे (प्रत्ययाआधी नामाचं बदलणारं रूप) आणि क्रियापदाच्या जुळणीकडे: "घरात" की "घरत", "ताईने पोळी खाल्ली" की "ताई पोळी खाल्ला". इंग्रजी चाचणीचं मराठी भाषांतर करून हे सापडत नाही. ती चाचणी अनेकवचनाचा एस आणि ही-शी (he-she) तपासते, मराठीच्या अवघड जागा तिला माहीतच नसतात. वर त्या चाचणीचे गुणांक एकभाषिक परदेशी मुलांवरून ठरलेले असतात. असा आकडा अहवालात "वयापेक्षा दीड वर्ष मागे" म्हणून छापला जातो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण पुढे त्यावरच शाळा-प्रवेशाचे निर्णय होतात.

चांगली प्रमाणित चाचणी हाताशी नसेल तर शिकवून बघण्याची पद्धत वापरतात. मुलाला माहीत नसलेल्या पाच-सहा वस्तू घ्यायच्या: गाळणी, चिमटा, नरसाळं, अडकित्ता, कुंचला. आधी ओळखतो का बघायचं. मग वीस मिनिटं खेळात त्या वापरायच्या, प्रत्येकीचं नाव आठ-दहा वेळा सहज कानावर पडेल असं. मग पुन्हा विचारायचं, आणि दोन-तीन दिवसांनी आणखी एकदा. संधी न मिळालेलं मूल पटकन उचलतं. विकार असलेल्या मुलाला जास्त वेळा, जास्त आधार देऊन सांगावं लागतं आणि दोन दिवसांत निम्मं विसरलेलं असतं. किती शिकला यापेक्षा शिकायला किती मदत लागली, याची नोंद जास्त बोलकी असते. जोडीला अर्थ नसलेले शब्द, जसं "तमीपू", "गनोबेका", परत म्हणायला लावतात. त्याला शब्दसंग्रह लागत नाही, त्यामुळे कोणती भाषा किती ऐकली याचा परिणाम कमी होतो.

नर्सरीत नव्या भाषेत पडल्यावर मुलं काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. त्या काळात ती ऐकत असतात, खुणा करतात, खेळात सामील होतात. घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत, ओळखीच्या भाषेतही, ताठरून गप्प होत असेल आणि पहिला महिना उलटून गेल्यावरही ते टिकत असेल, तर तो भीतीशी जोडलेला निवडक अबोला असू शकतो. त्याचा उपचार वेगळा असतो. त्याला "बोल ना, बोल ना" म्हणून रेटू नका.

आता "इंग्रजीच ठेवा" या सल्ल्याचं काय होतं ते बघा. आई-बाबा ज्या भाषेत रागावतात, लाड करतात, गोष्ट रंगवतात, ती बाजूला पडते आणि घरात "कम हियर", "सिट डाउन", "व्हॉट कलर?" एवढंच उरतं. आजी तर संवादातूनच बाद होते. मुलाच्या कानावर पडणारी एकूण भाषा घटते आणि उथळ होते, तीही नेमकी जास्त भाषेची गरज असताना. ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांनाही हेच लागू आहे. ती दोन भाषा शिकू शकतात, आणि घरची भाषा काढून घेतल्याने दुसरी सुधारल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही.

मग घरी काय करायचं? मोठ्यांनी ज्या भाषेत सहज बोलता येतं तीच बोलावी. तुम्ही मराठी, मावशी हिंदी. "एका माणसाची एकच भाषा" हा नियम पाळलात तरी चालेल, नाही पाळलात तरी नुकसान नाही. दर दोन आठवड्यांना आठ-दहा शब्द ठरवा, त्यात निम्मी क्रियापदं ठेवा: उघड, ओत, पुस, लपव, फाड. नुसती फळं-प्राणी-रंग शिकवून वाक्य तयार होत नाही, वाक्य क्रियापदावर उभं राहतं. आंघोळ, कणीक मळणं, भाजी निवडणं अशा रोजच्या कामांत ते शब्द आणा. तो "बॉल पडला" म्हणाला की तुम्ही "हो, लाल बॉल खाली पडला" म्हणा आणि थांबा. मनातल्या मनात पाच मोजा. बहुतेक मोठी माणसं दोनच सेकंदांत पुढचा प्रश्न टाकतात. "हे काय? ते काय? इंग्लिशमध्ये काय म्हणतात?" ही परीक्षा बंद करा. त्याने "मला वॉटर दे" म्हटलं तर पाणी द्या आणि "हं, हे घे पाणी" म्हणा. भाषा मिसळणं ही त्याची चूक नाही. "कॉल कर", "पेन ड्रॉप झाला" असं आपण मोठेही दिवसभर बोलतो. मावशींनाही त्याच क्रियापदांची हिंदी यादी द्या: खोल, डाल, पोंछ, छुपा, फाड़. एकच संकल्पना दोन बाजूंनी आली की पक्की बसते. दिवसात दोनदा पंधरा मिनिटं, पडदा बंद ठेवून. थेरपिस्टकडे आठवड्यातून एक-दोनदा जाल, पण फरक या रोजच्या अर्ध्या तासाने पडतो.

अडखळण्याबद्दल एक शब्द, कारण हा प्रश्न मागोमाग येतोच. दोन भाषा बोलणारी मुलं "मी... मी ते... अं... मी तिकडे" असं वाक्य जुळवत थांबतात. हे शब्द शोधणं आहे. "म-म-म-मी" असं आवाज फुटताना अडकणं, आवाज ताणला जाणं, ओठ घट्ट मिटणं, डोळे मिचकावणं हे वेगळं. ते दिसलं तर दोन्ही भाषांतला नमुना तपासून घ्यावा. इथेही भाषा बंद करण्याचा उपाय नाही.

शाळकरी वयात एक गफलत नेहमी होते. मूल इंग्रजीत गप्पा मारतं म्हणून त्याला इंग्रजीतलं विज्ञानही कळत असेल, असं धरलं जातं. नव्या भाषेतलं रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत येतं, अभ्यासाची भाषा बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. वाचनाची अडचण असेल तर दोन्ही लिप्यांत तपासा. मराठीत वेलांट्या, उकार, जोडाक्षरं कुठे अडतात आणि इंग्रजीत स्पेलिंग कुठे, हे वेगवेगळं दिसतं. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. मेळघाटातलं कोरकू किंवा गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं मूल पहिलीत मराठीत मागे दिसतं तेव्हा हाच विचार जास्तच काळजीने करायला हवा. कोरकू मुंडा कुळातली आणि गोंडी द्राविडी, त्यामुळे मराठी त्या मुलांसाठी पूर्ण परकी भाषा असते. घरची भाषा जाणणाऱ्या अंगणवाडीताईंना सोबत घेतल्याशिवाय अशा मुलावर कसलाही शिक्का मारू नये.

आता आजोबा. त्यांना अफेजिया, म्हणजे वाचाघात आहे. इंग्रजी मेंदूतून पुसली गेली असं समजू नका. बऱ्याचदा भाषा असते, तिच्यापर्यंत पोचण्याची आणि बाकीच्या भाषांना बाजूला ठेवण्याची यंत्रणा दुखावलेली असते. परतीचे मार्ग वेगवेगळे असतात. कुणाच्या सगळ्या भाषा बरोबरीने सुधारतात, कुणाची एक पुढे आणि एक मागे राहते, कुणाची दुसरी भाषा पहिली सावरल्यावरच हलू लागते, आणि क्वचित एक सुधारताना दुसरी मागे जाते. आधी शिकलेली भाषा आधी परत येते असं फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८० च्या दशकात मांडलं. आजाराच्या वेळी जास्त वापरात असलेली आधी येते असं फ्रेंच डॉक्टर पित्र यांनी १८९५ मध्ये. रुग्णांत दोन्ही दिसतं, त्यामुळे एका नियमावर विसंबून थेरपी ठरवता येत नाही.

पक्षाघाताआधीच्या भाषांची नोंद घरातल्या दोघांकडून वेगवेगळी घ्या. शाळा कोणत्या माध्यमाची? ऑफिसात कागद कोणत्या भाषेत लिहायचे? पेपर कोणता वाचायचे? हिशेब मनात कोणत्या भाषेत? मराठी शाळेत शिकलेली माणसं चाळीस वर्षं इंग्रजीत नोकरी करून गुणाकार मात्र "बे एके बे" नेच करतात. तपासणी एका दिवशी एकाच भाषेत करावी, आणि ती भाषा बोलणारा माणूस समोर बसवावा. मराठी बोलणाऱ्या थेरपिस्टनेच इंग्रजीत प्रश्न विचारले तर आजोबा मराठीकडे वळणारच, आणि तो दोष धरला जाईल. समजणं आणि बोलणं वेगळं तपासा. बोलता न येणारी इंग्रजी कळत असेल, तर पुढची वाट बरीच मोकळी असते. समोरच्याला मराठी येत नाही हे कळूनही ते मराठी थांबवू शकत नसतील, तर भाषा बदलण्यावरचा ताबा सुटलाय. त्यासाठी थेरपीत "आता हिंदी, आता मराठी" असा दिसणारा इशारा, रंगीत कार्ड किंवा जागा बदलणं, वापरावा लागतो.

नातेवाईक दुभाषी म्हणून बसणार असतील तर त्यांना आधी बजावा: आजोबा जे बोलले तेच सांगायचं, दुरुस्त करून नाही. मुलगी "बाबांना म्हणायचंय की..." अशी सुरुवात करते आणि सगळी तपासणीच बिघडते.

भाषा निवडताना आता ते कोणाशी, कशासाठी बोलतात हे आधी बघा. तुमच्या आजोबांसाठी मुख्य काम मराठीत व्हावं. ती सर्वांत सावरलेली आहे आणि घर तिच्यात चालतं. सोबत हिंदी किंवा इंग्रजीचे निवडक शब्द घ्या: रिक्षावाला, औषधाचं दुकान, परदेशातल्या नातवंडांशी फोन. शब्द सापडण्यासाठी अर्थाची जाळी विणण्याचा व्यायाम उपयोगी आहे. चित्र "किसणी"चं. हे काय प्रकारचं आहे? स्वयंपाकघरातली वस्तू. कशासाठी? खोबरं, गाजर किसायला. दिसते कशी? पत्र्याची, बारीक धारदार भोकांची. असते कुठे? ओट्याजवळ. कशाची आठवण होते? गाजर हलव्याची. मग नाव. नाव आलं नाही तर पहिला आवाज "कि..." द्या, तरीही नाही तर नाव सांगून म्हणवून घ्या आणि पुढे चला. तेच प्रश्न नंतर हिंदीत, "कद्दूकस"साठी. दुबळ्या भाषेत असं काम केल्यावर बळकट भाषेतले न शिकवलेले शब्दही सुधारल्याचं काही अभ्यासांत दिसलं, पण प्रत्येकाच्या बाबतीत होत नाही. म्हणून दुसऱ्या भाषेतले दहा शब्द न शिकवता बाजूला ठेवा आणि महिन्याने मोजा. मगच पुढे ठरवा.

आकड्यांची वेगळी काळजी घ्या. मराठीत "सत्तेचाळीस" म्हणताना सात आधी येतो, इंग्रजीत चाळीस आधी. वाचाघातानंतर ऐकून लिहिताना ४७ चा ७४ सहज होतो. याच गोंधळामुळे २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "चाळीस सात" अशी वाचायची पद्धत आणली होती. ओटीपी आणि फोन नंबर एकेक अंक सुटा सांगा: चार, सात. औषधांच्या वेळा अंकात आणि चित्रात लिहा.

शक्य असेल तर थेरपी आठवड्यातून चार-पाच वेळा आणि घरी रोज वीस-तीस मिनिटं. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं, पण चार महिने झाले म्हणून दार बंद झालं असं कुणी सांगितलं तर मानू नका. सुधारणा पुढे वर्षानुवर्षं होत राहते.

दोन भाषांचा मेंदूला फायदा होतो का, हेही लोक विचारतात. हैदराबादच्या निम्स या वैद्यकीय संस्थेत सुवर्णा अलादी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास मांडला. द्विभाषिकांत आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, शाळा न शिकलेल्यांतसुद्धा. २०१६ मध्ये ६०८ पक्षाघाताच्या रुग्णांत विचारशक्ती शाबूत राहिलेले द्विभाषिक ४०.५ टक्के आणि एकभाषिक १९.६ टक्के आढळले. पण अफेजिया होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं. इतरत्र झालेल्या काही मोठ्या अभ्यासांत असा फायदा स्पष्ट दिसला नाही, त्यामुळे कुणाला हमी देऊ नये. स्मृतिभ्रंश पुढे सरकला की माणूस बहुधा लहानपणच्या भाषेकडे वळतो. तेव्हा ब्युरोतून येणाऱ्या सेवकाला मराठी समजते का, हा प्रश्न त्याच्या पगाराच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा होतो. फोटोंचा अल्बम करून प्रत्येक फोटोखाली एक वाक्य, मराठीत मोठ्या अक्षरात, आणि सेवकासाठी खाली हिंदीत लिहा.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. मुंबईत असाल तर वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था आहे. पुण्यात मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. पहिल्या भेटीला नातवासाठी तासांचा कागद, कानांचे रिपोर्ट आणि दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग न्या: पाच मिनिटं आजीशी मराठीत, पाच मावशींशी हिंदीत, तो खेळत असताना, कुणीही प्रश्न न विचारता. आजोबांसाठी एमआरआय किंवा सीटी स्कॅनचा अहवाल, चष्मा, श्रवणयंत्र असेल तर ते, आणि पक्षाघाताआधी त्यांनी स्वतः लिहिलेली दोन पत्रं किंवा डायरीची पानं, एक मराठी आणि एक इंग्रजी.